पैलवानाचं दूध कोण तोडणार?

हॅलो?… हो, कॉलेजच. प्रिन्सिपॉलसाहेब वर्गावर आहेत… मी कालिंदी, बायॉलॉजी शिकवते… अरे वा, हंबीरराव! कॉलेज कमिटीचा माणूस स्वतः फोनवर?… हो, बाळासोचा चाचणीचा पेपर मीच तपासलाय… एकतीस. पास व्हायला पस्तीस लागतात… अहो ओरडू नका, तुमचा आवाज फोनशिवायही येईल इथं.

हो, हो… ऐका ना. एका प्रश्नानं घात केला. दुधानं वजन वाढतं का, हे प्रयोग करून कसं तपासाल?… 'वाढतंयच की' हे उत्तर नव्हे! तुमच्या चिरंजीवांनी पेपरात तालमीतल्या पैलवानाला महिनाभर दूध पाजलं, कॉलेजच्या मास्तराला नुसता चहा. मग दोघांना काट्यावर चढवलं. पैलवान भारी भरला, सबब दूध गुणकारी!… 'बरोबर हाय की'? अहो, तो पहिल्या दिवशीच अडीच मणाचा होता!

दोन सारखेच पैलवान घ्यायचे. खाणं तेच, मेहनत तीच. फरक एकच, एकाला दूध आणि दुसऱ्याला नाही… काय? 'पैलवानाचं दूध तोडायचं म्हंजे पाप'?… बाळासोनंही तेच लिहिलंय, खाली दोन रेघा मारून. घराणं ओळखू येतं.

नाही… चार मार्क काय, अर्धासुद्धा नाही… युनिव्हर्सिटीचा फॉर्म जाणार नाही, पोराचं वर्ष बुडेल, ठाऊक आहे मला… हो, माझी नोकरी अजून कायम नाही, तेही ठाऊक आहे… सोमवारी कमिटी बसणार. आठवण करून दिलीत, बरं झालं.

थांबा, ठेवू नका. चंदगडचा जोतीराम आहे वर्गात. त्यालाही एकतीसच. हाच प्रश्न चुकलाय. त्याच्या घरी फोन नाही… संबंध कसा नाही? दोन सारखी पोरं, मार्क तेच. फरक एकच, एकाच्या बापाचा फोन आलाय. आता बाळासो पास आणि जोतीराम नापास झाला, तर गुण कशाचा म्हणायचा?… 'मग दोघांस्नीबी पास करा'?… तुम्ही म्हणालात म्हणून? मग तोही गुण फोनचाच झाला की!… बघा, तुम्हाला समजलं. आता पोराला समजावा, म्हणजे पुढच्या वर्षी…

हॅलो?… हॅलो?… आपटला.

गुंडूमामा, ही यादी फळ्यावर लावा. दोघंही नापास… आणि आधी तांब्याभर पाणी द्या हो.