पैसे आलेत, असं लिहिलंय

[बेटावरचं किराणा दुकान. आतल्या कोपऱ्यात पार्सलचा काउंटर, त्यावर एक मोठं खोकं. दुपार.]

मायब्रिट: खोकं झकास बांधलंय, बिर्गरकाका. पण पैसे हातात पडले का, एवढंच विचारतेय मी.

बिर्गर: पडल्यातच जमा आहेत. तू हे अडीचच्या बोटीवर चढव आणि मला पार्सलचा नंबर दे. तो भरला की पैसे सुटतील.

मायब्रिट: सुटतील? अडकलेत कुठे?

बिर्गर: पेमेंट कंपनीने धरून ठेवलेत. घेणाऱ्याने भरलेत, पण खोक्यातला अकॉर्डियन निघाल्याचा पुरावा मिळाला की मगच माझ्या खात्यात. तसा मेल आलाय त्यांचा.

मायब्रिट: बघू तो मेल.

बिर्गर: आधी चिठ्ठी चिकटव गं. बोट माझ्यासाठीसुद्धा थांबणार नाही. तीस वर्षं मीच चालवलीय, शिस्त माझीच आहे.

मायब्रिट: उद्याही बोट आहे. फोन द्या इकडे.

बिर्गर: घे. चिन्ह बघ, रंग बघ. सगळं त्यांचंच आहे.

मायब्रिट: चिन्ह काय, कुणीही चिकटवतं. तुम्हाला ‘प्रिय ग्राहक’ का म्हणतायत? एरवी काय लिहितात?

बिर्गर: बिर्गर एकलुंड. पूर्ण नाव असतं.

मायब्रिट: हं. आणि चोवीस तासांत नंबर नाही भरला तर खातं बंद. एवढी कसली घाई लागलीय यांना? हे बघा, पाठवणाऱ्याच्या नावावर असं बोट टेकवलं की खरा पत्ता दिसतो. वाचा.

बिर्गर: थांब, चष्मा... हा तर कुठल्याशा टायरच्या दुकानाचा पत्ता आहे.

मायब्रिट: म्हणजे तुमचे पैसे टायरवाले सांभाळतायत.

बिर्गर: थट्टा नको करूस.

मायब्रिट: बरं, नाही करत. आता या मेलमधल्या कशालाही हात लावू नका. कंपनीचं अ‍ॅप तुमच्या फोनवर आहेच, ते उघडा. रोज उघडता तसं, इथून नाही.

बिर्गर: उघडलं. शेवटची नोंद मार्चमधली, मासळीचं जाळं घेतलं होतं त्याची. पुढे काहीच नाही.

मायब्रिट: धरून ठेवले असते तरी इथे दिसले असते.

बिर्गर: म्हणजे कुणी भरलेच नाहीत.

मायब्रिट: नाहीत. काका, खरं सांगा. मेलमधल्या लिंकवर जाऊन काही भरलंत?

बिर्गर: बोट लागली वाटतं धक्क्याला.

मायब्रिट: काका.

बिर्गर: कार्डाचा नंबर भरला. सकाळी. मग बँकेच्या अ‍ॅपवर मंजुरी मागायला लागले, तेवढ्यात दूध उतू गेलं आणि ते राहूनच गेलं.

मायब्रिट: मंजुरी दिली नाहीत? नक्की?

बिर्गर: नक्की.

मायब्रिट: मग आत्ताच्या आत्ता बँकेला फोन लावा. कार्डाच्या मागे छापलाय तो नंबर. मेलमधला नाही.

बिर्गर: हॅलो? बिर्गर एकलुंड बोलतोय. कार्ड बंद करायचंय... हो, खोटा मेल होता... मंजुरी मागितली होती, दिली नाही... काहीच नाही गेलं? बाई, एकदा परत बघता का?... बरं. फार आभारी आहे.

मायब्रिट: काय म्हणाल्या?

बिर्गर: एक क्रोनासुद्धा गेला नाही. दोनदा हात घातला होता म्हणे चोरांनी, मंजुरीपाशी अडले. कार्ड बंद केलं... जरा टेकतो गं.

मायब्रिट: बसा, बसा. कॉफी ओतते.

बिर्गर: पैशांचं सोड, ते गेले असते तर गेले असते. हा अकॉर्डियन भावाचा. तो गेल्यापासून पेटीत पडून आहे. म्हटलं, वाजवणाऱ्याच्या घरी जावा. ‘माझी मुलगी शिकतेय,’ असं लिहिलं होतं त्या माणसाने. तिच्यासाठी आत भावाच्या गाण्यांच्या वह्यासुद्धा घातल्यात मी.

मायब्रिट: घरी न्या परत. खरी शिकणारी भेटेल कुणी. स्वतः येऊन, वाजवून बघून नेईल.

बिर्गर: आज तू नसतीस तर... तुला एवढं कसं कळतं गं यातलं? शिकवणी लावली होतीस काय?

मायब्रिट: लावली होती. महाग पडली.

बिर्गर: म्हणजे?

मायब्रिट: नोव्हेंबरमध्ये मला असाच मेल आला. खातं गोठवलंय, ताबडतोब खात्री करा. मी मंजुरी देऊन मोकळी झाले.

बिर्गर: रोल्फला ठाऊक आहे?

मायब्रिट: नवऱ्याला नाही, कुणालाच नाही. लोक म्हणतील, दिवसभर पार्सलं हाताळते आणि हिलाच गंडवलं.

बिर्गर: मी म्हणतोय का तसं?

मायब्रिट: नाही.

बिर्गर: मग झालं. बोट गेली, आता चारपर्यंत कुणी फिरकायचं नाही. दाराला कडी लाव आणि ये, बस इथे. सावकाश सांग.