खडा विरघळेपर्यंत

कामशेतला टाकव्याच्या गाडीची वाट बघत बसलेल्या सविताचा कान कधीच मागच्या बाकावर जाऊन बसला होता. तिथं एक म्हातारी आणि एक तरुण बाई बोलत होत्या.

"आत्याबाई, राग आला की खडीसाखर तोंडात धरायची आन ती विरघळंपत्तुर बोलायचं न्हाई, व्हय ना? पर माझी तर लगेच विरघळती."

"चावतीस का?"

"न्हाई वो. जिभेनं घोळवते नुसती."

"घोळवल्यावर राहील व्हय? गालात दाबून ठेव, हलवू नगं."

"तसं बी केलं. तरी गेली."

"आदी च्या प्यायली व्हतीस?"

"व्हय, गरम गरम."

"मंग? तोंड गार पायजे. माठातलं पाणी पी, मंग धर."

"आन दोन बारके खडे धरले तर?"

"बारके लवकर जात्यात. येकच मोठा घे. मी सुपारीयेवढा घ्यायची."

"येवढा? कुणासाठी वो?"

"तुझ्या आजेसासूसाठी. आन तुला गं कुणासाठी लागतो?"

मागं पिशवीतला कागद चुरचुरला. सविताला राहवेना, तिनं मान वळवून पाहिलं. सून रस्त्याकडं बघत बसली होती, आणि तिचा एक गाल सुपारीएवढा फुगला होता.