मखमलीच्या आसनावरचा लॅपटॉप

पेटीवाले, जरा दम खा. मंडळींना एक प्रश्न विचारायचाय. देवानं एखाद्याला बळ दिलं, बुद्धी दिली, अगदी ओंजळ भरभरून दिली — तर तेवढ्यानं तो थोर झाला का? बोला!... नाही म्हणता? मग शेजारी नवी गाडी आली की तुमच्या पोटात का दुखतं?

पुढच्या रांगेतले हे काका बघा. हात शालीत, नुसती मान डोलते. डोलवा! मानेला भाडं पडत नाही.

तर ऐका. कुरुंदवाडात अच्युतराव ढवळे नावाचे गृहस्थ. त्यांच्या आईला सगळे माई म्हणत. माईंनी ऐंशी ओलांडली, तेव्हा घरात सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा ठरला. अच्युतरावांची धाकटी बहीण कुमुद, तिनं माईंसाठी एक फिल्म जुळवली. जुने फोटो, लग्नातली माई, आणि शेवटी — कैलासवासी नानांच्या आवाजातली भूपाळी! कुणा नातेवाइकाकडे जुनी कॅसेट सापडली होती. झालं! माईंना हे कळल्यापासून दुसरं काही सुचेना. "ह्यांचा आवाज ऐकवा गं मला, कान शाबूत आहेत तोवर."

आता अच्युतरावांचं ऐका. त्यांनी सोहळ्याच्या तोंडावर नवा लॅपटॉप आणला. प्रोसेसर तेराव्या पिढीचा! प्रोसेसर म्हणजे लॅपटॉपचा मेंदू हो. तेरावं म्हटलं की तुम्हाला जेवणावळ आठवणार, पण इथं पिढी जितकी नवी तितका मेंदू चपळ. कुमुदचा होता सहाव्या पिढीचा. ओळखीपाळखीतलं एक घर सोडलं नाही अच्युतरावांनी! ज्याच्या त्याच्या पुढ्यात आकडे. आणि बहिणीला काय म्हणतात? "कुमे, तुझं ते डबडं बोहारणीला दे. एखादी वाटी तरी येईल!"

कुमुद म्हणाली, "असू दे दादा. चालतंय माझं."

आणि हा नवा राजा ठेवला कसा? झाकणावरचं प्लास्टिक — तसंच! बटणांवर रबरी आवरण! मागं हवा खेळायला जाळी असते, तिच्यावर चिकटपट्टी. का? "धूळ जाईल हो आत!" खाली जाड मखमली आसन, त्यात तो पोटापर्यंत रुतलेला. वर हळदकुंकू, झेंडूचा हार! अहो, त्यानं श्वास घ्यायचा कुठून?

हसताय? तुमच्या सोफ्याचं प्लास्टिक निघालं का? पाहुणा बसला की चर्रकन वाजतं, आणि तुम्हाला वाटतं — श्रीमंती वाजली!

सोहळ्याची सकाळ. आल्यागेल्यांच्या शुभेच्छा मोबाईलवर घेतल्या, त्या फिल्मला जोडायच्या होत्या. अच्युतराव गरजले, "लाव गं तुझंही! बघू दे लोकांना, नवं काय अन् जुनं काय!" दोन्ही यंत्रं कामाला लागली. पडद्यावर एक निळी रेघ सरकते. ती उजव्या टोकाला टेकली की फिल्म तयार. माई खुर्चीत, नऊवारी नेसून, रेघेकडे डोळे लावून.

सुरुवातीला नवा उधळला! अच्युतरावांची छाती फुगली. आणि मग... मंदावला. मग रांगायला लागला. कारण ऐका — हा मेंदू तापला की आपण होऊन चाल कमी करतो, जळू नये म्हणून. यंत्राला कळतं! माणूस तापला की दुप्पट धावतो.

कुणी विचारलं, "काय हो अच्युतराव?"

"नवा आहे, लाजतोय!"

वा रे वा! लाजायला काय नवरी आहे?

एवढ्यात कुमुद हळूच म्हणाली, "दादा, माझी झाली. लावू? माई दमलीय."

"खबरदार! ढवळ्यांच्या कार्यात नाना त्या डबड्यातून गाणार? लोक काय म्हणतील?"

लोक काय म्हणत होते? लोक म्हणत होते — मठ्ठा संपला का बघा!

अच्युतरावांनी लॅपटॉपवर हात ठेवला अन् झटकन उचलला. चटका! आत लख्ख कळलं त्यांना, काय चुकलंय ते. पण स्वतःच्या हातानं घातलेला हार चारचौघांत काढायचा? जीव गेला तरी बेहत्तर!

माईंची मान कलली. "मला आत न्या रे. पाठ टेकायचीय." जाताना थांबल्या. "अच्युता, ह्यांचा आवाज यायला अजून वेळ आहे का रे?"

"पाचच मिनिटं, माई." 

अरे, लाज! आईला ताटकळत ठेवलं, कशासाठी? एका डब्याच्या इभ्रतीसाठी!

पंगत बसली, ओटी रिकामी झाली. आता बघणारं कुणी नाही, तेव्हा साहेबांना अक्कल आली. ओरबाडली ती पट्टी! फाडलं प्लास्टिक! हार भिरकावला, आसन ओढून काढलं, दोन वाट्या पालथ्या घालून त्यांवर लॅपटॉप टेकवला. आणि मंडळी — रेघ पळाली! खोटा नव्हता हो तो. कुमुदचं यंत्र त्याच्या पासंगालाही पुरलं नसतं! क्षणात फिल्म तयार.

"माई! माई, झाली!" अच्युतराव आत धावले, अन् उंबऱ्यावर खिळले. कॉटवर कुमुदचा जुना लॅपटॉप. नाना गात होते. माईंचे डोळे मिटलेले, बोटं पांघरुणावर ताल धरून. डोळे न उघडताच म्हणाल्या, "श्श. हे गातायत."

घरात सगळ्यांत मोठं बळ ज्याच्या हाती होतं, तो आईच्या दारात चोरासारखा उभा!

आता वळतो तुमच्याकडे. कुठं लपताय? चौऱ्याऐंशी लक्ष योनी पालथ्या घालून हा नरदेह मिळाला. याच्यापुढची पिढी देवाच्या दुकानातही नाही! मुंगीला कणभर जीव, ती साखर वाहते. बैलाला जीभ आहे, पण नाम घेता येत नाही. तुम्हाला गळा दिला, हात दिले, आणि तुम्ही केलंत काय? लोक काय म्हणतील, या पट्टीनं सगळी भोकं बुजवलीत! कोरं राहायचंय? चितेवर प्लास्टिकसकट चढणार आहात?

घरी कुणीतरी खुर्चीत बसून तुमची वाट बघतंय. त्यांची मान कलायच्या आत जा.

आणि काका, काढा ते हात शालीतून बाहेर. हं, अस्से. पेटीवाले, धरा सूर! आता वाजवा टाळी — तळवे लाल होईस्तोवर!