नाव नको, भिंत द्या

माझा जन्म खाडीकाठचा, उरणच्या बाजूच्या एका लहान गावातला, आणि आमच्या घरचा धंदा चुन्याचा. म्हणजे कोळणी शिंपले आणून द्यायच्या, वडील ते भट्टीत भाजायचे, आणि त्या भाजलेल्या शिंपल्यांवर, म्हणजे चुन्याच्या कळीवर, पाणी पडलं की ती अशी उसळायची, अशी उसळायची की आम्ही मुलं लांब पळायचो. वडील म्हणायचे, पनवेलात जुनी घरं दिसतात ना, त्यांच्या भिंतींत आपली खाडी हाय. मला ती बढाई वाटायची. पुढे शिकायला मावशीकडे पनवेलला आले आणि शिक्षण संपल्यावर इथल्या वाचनालयात नोकरी लागली. पहिल्याच दिवशी जिन्याच्या भिंतीला हात लागला, आणि काय सांगू तुम्हाला, तो गारवा माझ्या ओळखीचा होता.

ती इमारत तुम्ही पाहिली आहे, पण संध्याकाळी पाहिली आहे का? तळ्याच्या बाजूच्या खिडक्यांना वर अर्धगोल रंगीत काचा आहेत. ऊन उतरायला लागलं की वाचत बसलेल्या माणसाच्या पानावर आधी हिरवं पडतं, मग पिवळं, आणि दिवे लावायच्या जरा आधी तांबडं. त्या तांबड्यासाठी मी दिवे उशिरा लावायची. सागवानी खांबांवर कमळं कोरलेली आहेत, आणि सगळी सारखी नाहीत, एक अर्धवटच सोडलंय. कोणी सोडलं, का सोडलं, कोणाला ठाऊक. घाईत करवून घेतलेल्या इमारतीत असं काही सापडत नाही. आणि तो जिना, वळणावर इतका रुंद की वरून उतरणाऱ्याने आणि चढणाऱ्याने दोघांनी थांबून बोलावं. बांधणाऱ्याला वाटलं असणार, इथे माणसं बोलणार आहेत.

आम्ही बोललोच. आमचे हे शाळेत चित्रकला शिकवायचे. पुस्तक बदलायला म्हणून यायचे आणि खिडकी काढत बसायचे, एकच खिडकी, कितीतरी दिवस. मी म्हटलं, सर, पूर्ण कधी होणार? तर म्हणाले, पूर्ण झाली तर यायला कारण काय सांगू? जिन्याच्या त्या वळणावर म्हणाले. लग्नानंतर लोक सिनेमाला जायचे, आम्ही दोघं जुन्या इमारती बघत हिंडायचो. कोणाची गॅलरी, कोणाच्या दाराची चौकट, आणि कर्नाळ्याला गेलो तरी ह्यांचं पक्ष्यांकडे लक्ष नाही, किल्ल्याचे चिरे बघत उभे. लोक हसायचे. हसू देत.

गेल्या पौषात हे गेले. त्याबद्दल मला फार बोलता येत नाही, पुढचं सांगते.

वाचनालयाचे अध्यक्ष भेटायला आले. ह्यांचाच विद्यार्थी, वाचनालयासमोरच्याच इमारतीत राहतो, मला काकू म्हणतो. डोळे पुसले, चहा घेतला, आणि म्हणाला, काकू, वाईट वाटून घेऊ नका, पण इंजिनियरने वाचनालय धोकादायक ठरवलंय, तळ्याकडची भिंत नुसती ओल धरते. आपण पाडून नवीन करतोय, खाली दुकानं, तिसऱ्या मजल्यावर वाचनालय, लिफ्ट आहे, एसी आहे, आणि हॉलला सरांचं नाव देऊ. मोठ्या अक्षरात देऊ, काकू.

माझा मुलगा बाजूलाच बसला होता. त्याचे डोळे भरून आले. तो म्हणाला, आई, बाबांचं नाव राहील.

मी म्हटलं, ज्या भिंती बघत त्यांनी जन्म काढला त्या पाडून त्यांचं नाव लावणार? नाव नको. भिंत द्या.

मुलगा रागावला. आई, तू बाबांसाठी भांडतेस की त्या दगडविटांसाठी, असं विचारलं त्याने. मी म्हटलं, मला त्यात फरक करता येत नाही. तो बरेच दिवस नीट बोलला नाही माझ्याशी.

आता त्या ओलीची गोष्ट ऐका. पूर्वी एका कमिटीने वाचनालयाच्या वाढदिवसाला सगळ्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करून घेतला. मन चांगलं होतं हो त्यांचं, इमारतीला नवे कपडे करावेत तसं. पण चुन्यात बांधलेली भिंत पावसाळ्यात पाणी पिते आणि उन्हाळ्यात सोडते. तिला सिमेंटचा रेनकोट घातला, पाणी आतच राहिलं. ती म्हातारी नाही झाली, तिला घुसमटवली. इंजिनियरलाही मी हे सांगितलं. चांगला मुलगा, शांतपणे ऐकून घेतलं, म्हणाला, आजी, असेलही तसं, पण मला समोर ओल दिसते, मी ओलच लिहिणार. बरोबर होतं त्याचं. आणि माझीही खात्री कुठे होती? वडिलांच्या भट्टीवर ऐकलेलं, एवढंच माझं भांडवल.

सभासदांच्या सभेत मी उभी राहिले. म्हटलं, मला एक भिंत द्या, तळ्याकडचीच, सगळ्यात वाईट. खर्च माझा. पावसाळा संपल्यावर ओली निघाली तर पाडायच्या ठरावाला पहिला हात मी वर करीन. अध्यक्ष म्हणाला, काकू, ह्या वयात भिंत सोलणार का तुम्ही? सगळे हसले. हसता हसता हो म्हणाले.

चैत्रात भावाला बोलावलं. भट्टी केव्हाच गेली आमची, पण त्याने हिंडून कळीचा चुना मिळवला, गावातले दोघं गवंडी आणले. मी म्हटलं, दादा, जमेल का? तर म्हणाला, तू नको घाबरू गं, आमी हाय ना, आणि नाय जमला तर अध्यक्षालाच चुना लावू. वाचनालयाच्या मागे खड्डा खणला. आमच्याकडे चुना भिजत घालताना आधी घरची बाई खड्ड्याला हळदकुंकू वाहते, मग पाणी. आई करायची, आजी करायची. मी ताट घेऊन निघाले, तर शेजारच्या वहिनी दारात आडव्या आल्या. अहो, वर्ष नाही झालं अजून, तुम्ही हळदकुंकवाला हात लावायचा? भावजयीला करू द्या की. विधवेने, हा शब्द तोंडाने उच्चारला नाही, पण तेच होतं त्यात. मी म्हटलं, वहिनी, ह्यांच्यासाठी मी वर्षभर गोडधोड करणार नाही, सण करणार नाही, ते सगळं पाळते. पण ही भिंत माझी आहे, तिचं कुंकू मीच वाहणार. आणि वाहिलं. पाणी सोडलं तसा चुना उसळला, लहानपणी पळायची तिथे ह्या वेळी उभी राहिले.

सिमेंट सोलून काढलं, भिंत उघडी ठेवली, उन्हात वाळू दिली. मग गूळ आणि हिरड्याचं पाणी घालून मळलेला चुन्याचा गिलावा. मुलगा एका रविवारी आला, बाह्या वर केल्या आणि घमेली उचलायला लागला.

पाऊस भरपूर झाला. तो संपल्यावर सभा भिंतीसमोरच घेतली. खरं तेच सांगते, खाली वीतभर ओल होती. अध्यक्षाने तिथेच बोट ठेवलं, ही बघा ओल, काकू, शब्द पाळा. मी म्हटलं, पाळते, पण आधी सगळ्यांनी वरही हात लावून बघा. एकेक जण हात लावून आला. वर सगळी कोरडी, ठणठणीत. इंजिनियरनेही हात लावला, बराच वेळ ठेवला, आणि म्हणाला, मला आता वेगळं लिहावं लागेल.

हात वर झाले ते पाडायच्या बाजूने कमी झाले. माझा नव्हता त्यात. कोणी म्हणालं, वीतभर ओल होती, शब्द मोडलात. म्हटलं, तेवढी ओल कोणात नसते? ठराव काही कायमचा मेलेला नाही, पुन्हा आणतील. मला कळतं ते. उरलेल्या भिंती एका उन्हाळ्यात एक अशा घेणार आहे, पुरले तर मी, नाही पुरले तर मी घेईन, असं मुलगा म्हणालाय.

अध्यक्ष परवा भेटला, अजून घुश्शात आहे. वाकून नमस्कार केला मात्र, ह्यांचा विद्यार्थी ना. मी डोक्यावर हात ठेवला आणि म्हटलं, बाळा, शंभर वर्षं जग, आणि रोज सकाळी खिडकी उघडलीस की समोर हीच इमारत दिसो तुला.