बर्फाचा गॉगल

सदर बाजारातल्या चष्म्याच्या दुकानात मी माझ्या नंबरची वाट पाहत बसलो होतो. माझ्या पुढे एक नवरा-बायको होते. नवऱ्यानं मखमली पिशवीतून बर्फावर घालायचा मोठा गॉगल काढला आणि जपून काउंटरवर ठेवला.

“भैया, याचा स्पंज झडून राहिला. नवा लावून द्या.”

“अंकल, काच भी गई है. किससे पोछते थे?”

“मऊ फडक्यानं. दर रविवारी, आतून-बाहेरून.”

“अंदर से पोछना ही नहीं था. भाप रोकने वाली परत उतर गई. बर्फ में कितना चला?”

“बर्फात नाही नेला अजून. सांभाळून ठेवला होता.”

“पोट्टी शाळेत होती तवा घेतला, भैया,” बायको म्हणाली. “मनालीले जाणार होतो. मी कांदे कापाले मागतला, तं म्हणे ओरखडे पडतील.”

“तिची परीक्षा आली, विनोदिनी. मंग माही बदली, मंग तिचं लग्न. जाऊच ना आपण.”

“ये तो खतम है, अंकल. पहनो, न पहनो, फोम गल ही जाता है.”

“ऐकलं?” बायकोनं नवऱ्याला विचारलं.

“ऐकलं. पुढच्या वर्षी नवा घेऊ.”

“नवा आजच घ्याचा आहे. भैया, माह्या मापाचा दाखवा. पोट्टी अन् मी सोमवारी निघून राहिलो.”

“कुठं?”

“मनालीले.”

“अन् मी?”

“भैया, यात लाल रंग आहे का?”