फऱ्यामागे तीन बाण

—नाही, शिंगांकडे बघू नका. सगळे शिंगांकडेच बघतात. बाण शिंगात मारायचा नसतो, पण नेमाच्या सरावाला फोमचं हरीण घ्यायला आलेला माणूस आधी शिंगांचे फाटे मोजतो आणि मग किंमत बघून दचकतो. बाकी हे हरीण खऱ्याहून सज्जन बरं का. वाऱ्यावर तुमचा वास घेत नाही, फांदी मोडली तर कान टवकारत नाही, आणि तुमचे किती बाण चुकले ते गावभर सांगत नाही. गेल्या साली एकाच्या अंगणात असलंच उभं होतं, त्याला माजावर आलेल्या खऱ्या नराने धडक देऊन मुंडकं उडवलं. तो गृहस्थ मुंडकं काखेत मारून इथे तक्रार करायला आला. मी म्हटलं, अहो, मालाला याहून मोठं प्रशस्तिपत्र कोण देणार?

मी मालक नाही. मालक पास्टी, म्हणजे खिमा-बटाट्याची भाजकी करंजी, आणायला गेलाय, म्हणजे तासभर तरी येत नाही—एक पास्टी आणि गावाच्या चार बातम्या. मी आपला निवृत्त कारकून. उभा जन्म सरकारी खिडकीमागे लग्नाचे परवाने देत बसलो. तिथे सगळे सराव न करता यायचे. इथे निदान विचारायला येतात.

ते पलीकडचं स्वस्तातलं नको. त्याच्या बरगडीवर वर्तुळं रंगवलीत. वर्तुळावर नेम धरायची सवय लागते, आणि जंगलातल्या हरणाच्या अंगावर आपल्या सोयीसाठी कुणी वर्तुळ काढून ठेवत नाही. मग माणूस गांगरतो, सबंध हरणालाच नेम धरतो—म्हणजे कशालाच धरत नाही. बाण जातो पोटात, आणि ते बिचारं दलदलीत—जाऊ दे, तुम्ही गिऱ्हाईक आहात. हे बघा, हात लावून बघा. हा फऱ्याचा, पुढच्या खांद्याचा फुगवटा, आणि त्याच्या मागे ही खोलगट जागा. इथे. फुप्फुसं इथेच. हा मधला ठोकळा निघतो, चाळणी झाली की नवा बसवायचा. आणि मचाणावरून मारणार असाल तर जमिनीवर उभं राहून सराव करू नका. गॅरेजच्या छपरावर चढा. शेजारी हसतील, हसू द्या. तुम्ही पुलाखालचे ना? नाही, बोलण्यावरून नाही, बुटांवरून ओळखलं. पुलाच्या दक्षिणेला राहणाऱ्या सगळ्यांनाच आम्ही पुलाखालचे म्हणतो, राग मानू नका—तुम्हीही आम्हाला काहीतरी म्हणतच असाल.

मचाण किती उंच आहे? बरं. कशावर बांधलंय? मेपलवर. दोन बुंध्यांच्या मेपलवर, ओढ्याच्या वळणाला.

असेल. दोन बुंध्यांचे मेपल या भागात पुष्कळ. रस्ता कुठला म्हणालात—जुन्या सॉ-मिलच्या मागचा. आणि केबिनचं दार हिरवं. होतं, आता रंगवलंत. थांबा, एकच विचारतो. आतल्या भिंतीवर कापडाचे तुकडे ठोकलेले होते का? चौकडीच्या शर्टांचे?

चिंध्या नव्हत्या त्या. म्हणजे चिंध्याच, पण आमच्याकडे रीत आहे—ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाची मागची पट्टी संध्याकाळी कात्रीने कापायची, त्याचं नाव घालायचं आणि भिंतीला ठोकायची. माझ्या वडिलांच्या दोन होत्या. ओन्नीच्या—ओन्नी म्हणजे तुम्हाला ती केबिन विकणारा, माझा धाकटा भाऊ—त्याची अख्खी रांग. माझी एक. कुठे आहेत आता त्या? स्टोव्ह पेटवायला घेतल्यात. हो, जुनं फ्लॅनेल चटकन पेटतं.

नाही नाही, बसा. तुमचा काय दोष. कागद त्याच्याच नावावर होते. वडिलांनी केले तसे, मला मूलबाळ नाही म्हणून. मचाणाच्या फळ्या वडिलांनी आणि मी ठोकल्या. ओन्नी खाली उभा राहून खिळे द्यायचा, तेही वाकडे. केव्हा घेतलीत म्हणालात? मे महिन्यात. नक्की मे ना, जुलै नव्हे? हो, बर्फ नुकतं गेलं होतं म्हणजे मेच.

तुम्हाला नाही हसत मी. सांगतो. वसंतात माझ्या या खांद्याचं ऑपरेशन झालं. जुलैमध्ये ओन्नी माझ्या अंगणात बसून माझीच बिअर पीत मला म्हणाला, "हे बघ दादा, माझ्या केबिनवरून जखमी हरीण पळालेलं मला चालणार नाही. वीस पावलांवरून फऱ्यामागे लागोपाठ तीन बाण बसवून दाखव, मग ये यंदा." माझ्या केबिनवरून म्हणाला. जुलैमध्ये. आणि मला ते पटलं हो—म्हटलं, धाकट्याला उशिरा का होईना अक्कल आली, मुक्या जनावराचा विचार करतोय. असलंच हरीण घेतलं इथून. पहिले काही आठवडे धनुष्य अर्धं ओढायचो आणि दात खाऊन खाली ठेवायचो. मग कमी ताणाचं घेतलं. मालक म्हणाला, हे बायका वापरतात. म्हटलं, बायकांनी मारलेलं हरीण अर्धंच मरतं का? माझी बायको हेल्मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची, म्हणायची, "या वयात कुणाला दाखवायचंय तुम्हाला?" ओन्नीला, म्हटलं. दुसरं कोण आहे?

गेल्या रविवारी बसले. तिन्ही. इतके जवळ की तिसऱ्याने दुसऱ्याची पिसं कापली. आत जाऊन ओन्नीला फोन केला. "शाब्बास दादा," म्हणाला. दोनदा खाकरला—मला वाटलं, गहिवरलाय. मग म्हणाला, "आता हरीण तिरपं ठेवून कर." मी ठेवलं. काल संध्याकाळीही करत होतो.

माझ्याबद्दल काय सांगितलं तुम्हाला त्याने? काहीतरी सांगितलं असेलच, भिंतीवर नाव होतं माझं. सांगा, मला आयुष्यभर खिडकीतून लोकांच्या थापा ऐकायची सवय आहे.

"थोरल्याने शिकार सोडली, त्याला आता गोडी राहिली नाही." असं. मेला म्हणाला असता तर निदान तुम्ही फुलं तरी पाठवली असती.

हे घेऊन जा. खरंच चांगलं आहे, रागाने नाही सांगत. पाय सुटे होतात, गाडीत मावेल. पैसे मालक आला की द्या, नाहीतर ठेवा तिथे—मी आज लवकर निघणार आहे. अजून काय? मचाणाकडे हरणं कुठल्या बाजूने येतात? ते ओन्नीने नाही सांगितलं? सांगितलं. ओढ्याकडून येतात म्हणाला.

बरोबर. ओन्नी जन्मभर ओढ्याकडेच तोंड करून बसला, आणि भिंतीवर रांग त्याचीच लागली. तुम्हीही तसेच बसा. जाताना दार ओढून घ्या.