उद्या टोळी येते, हलू नका

...न्हाई न्हाई, तुमी मला सांगा, बरफ काय ऊस हाय का, वावरात उभा ऱ्हायला? ऊस थांबतो हो, तुरा येईस्तोवर थांबतो, वाळून चिपाड हुईस्तोवर थांबतो, पन बरफ? त्यो तिकडं उत्तराखंडात, औलीत पडतो जानेवारीत, आन् आमच्या काष्टीत ऊसतोडीचा जोर कवा? जानेवारीत! द्येवानं दोनीबी एकाच महिन्यात घातलं, तिथंच मी मेलो.

तुमाला सांगतो, खूळ माजंच. बायको, सुकन्या, ती बिचारी एवढंच म्हनत हुती, "आवं, कुटंबी चला, पन एकदा चला. लगीन झाल्यापून मी शिर्डीच्या पल्याड गेले न्हाई." मी काय केलं, मोबाईलवर बघितलं, लोकं पायाला फळ्या बांधून डोंगरावरनं सुर्रकन खाली येत्यात... डोकंच फिरलं! म्हनलं, सुकन्ये, जन्मभर चढतोच हाय आपुन, बांधावर चढ, टाकीवर चढ, ट्रॅक्टरवर चढ, एकदा नुसतं घसरू की! आमचा काकासाहेब, आदी अष्टविनायकाला टेम्पो न्यायचा, आता औलीला मानसं न्यायला लागलाय. त्याच्याकडं दोन शीटा बुक. दौंडहून रेल्वे. ठरलं!

पन तोड? ऊस तुटल्याबिगर निघायचं कसं? ऊस तोडनाऱ्यांची टोळी आली आन् मालक वावरात न्हाई, तर मुकादम म्हनतो, "चला रं फुडं," मग तुमचा नंबर थेट उन्हाळ्यात. आन् टोळी कवा कुनाकडं जानार, ह्ये कुनाच्या हातात? चिटबॉयच्या! कारखान्याचा मानूस, फटफटीवर फिरतो, त्यानं चिठ्ठी दिली तर तोड, न्हाईतर बसा बांधावर. आमच्या शिवारातला चिटबॉय अजिनाथ. लई ग्वाड मानूस! कवाबी इचारा, फटफटी बंद न करता, एक पाय टेकवून, मान तिरकी करून, "दादा, उद्या टोळी येते. हलू नका."

दिवाळी झाल्यापून उद्याच!

घरात बसवंना, वावरात उभं ऱ्हावंना. कानटोपी आनली, स्वेटर आनला, घालून आरशाम्होरं उभा, घाम गळतोय. म्हनलं, तवर शिकून तरी घिऊ. पन काष्टीत डोंगर कुटून आनायचा? सगळा मुलूख परातीसारखा सपाट! तेवढ्यात ध्यानात आलं... शेततळं! गळतंय म्हनून रिकामंच पडल्यालं, चारी बाजूनी उतार, उतारावर काळं प्लास्टिक, पालसुद्दा टिकत न्हाई त्याच्यावर. दोन फळ्या घेतल्या, ठिबकच्या नळीनं पायाला बांधल्या, काठ्या म्हनून हातात दोन ऊस, आन् असा सुटलो, असा सुटलो... आई गं! थेट तळाला बूड टेकलं. पन लई भारी वाटलं हो! आन् मग कळलं, वर यायचं कसं? चढतोय, घसरतोय, चढतोय, घसरतोय. काठावरनं सुकन्या, "आवं, गोजरबाई बघत्यात शेजारच्या! काय सांगू त्यास्नी?" म्हनलं, बाई, आदी दोर टाक, काय सांगायचं त्ये मागनं सांग!

तेवढ्यात फटफटी. अजिनाथ! त्यानंच वढून काढला मला. "दादा, ह्ये काय म्हनायचं?" आता माजी जीभ गप बसंल का? औली, बरफ, काकासाहेब, कवा निघायचं, सगळं सांगून बसलो. ऐकता ऐकता त्याचं डोळं चमाकलं. "मारू का एक चक्कर?" मारली. परत मारली. मी काठावरनं मास्तरावानी, "गुडघं वाकीव रं! फुडं झुक!" आन् पठ्ठ्या पडतच न्हाई! दमला तवा कुटं फटफटीला किक मारली. म्हनलं, आरं पन आमची तोड?

"दादा, उद्या टोळी येते. हलू नका."

निघायचा दिवस उजाडला. ब्यागा दारात, आन् अजिनाथबी दारात! "दादा, आता नक्की. उद्या तुमचाच नंबर. गेलासा तर मला बोल लावायचा न्हाई. हलू नका." मी उसाकडं बघितलं, त्यो तुऱ्यावर आल्याला, वजन रोज घटतंय. सुकन्याकडं बघितलं, तिच्या डोळ्यात पानी. म्हनली, "तुमी ऱ्हावा उसापाशी. मी जानार." गेली ओ! कानटोपी घालून, मागं न बघता! काकासाहेबाला फोन केला, माजी शीट रद्द कर. त्यो म्हनला, "काळजीच करू नको, घेनारा तयारच हाय." म्हनलं, बरं झालं, वाया तरी गेली न्हाई. पन खरं सांगतो, लई वाईट वाटलं. तिच्यासंगट घसरायचं हुतं मला.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायला बांधावर. टोळी न्हाई. तिसऱ्या दिवशी न्हाई. अजिनाथला फोन लावला, "दा-दा-दादा, उ-उद्या..." दात वाजत्यात! मागं वारं घोंगावतंय! भर दुपारी हितं मला घाम, आन् ह्याला हुडहुडी? म्हनलं, ताप आला बिचाऱ्याला. तुळशीचा काढा करून त्याच्या घरी गेलो हो मी! त्याची आई, रंगुबाई, म्हनली, "कारखान्याच्या कामानं भायेर गेलाय. शालजोडी घिऊन." तरीबी माज्या टाळक्यात उजेड पडंना! काढा मीच पिऊन आलो.

मग सुकन्याचा राग निवळला, व्हिडिओ आला. पांढराफेक बरफ. ती दोन पावलं घसरते, धपकन पडते आन् खदाखदा हसते... लगीन झाल्यापून तिला असं हसताना बघितलं नव्हतं, डोळं भरलं माजं. आन् तिच्या मागनं एक गडी येतोय. गुडघं वाकवून, फुडं झुकून, सुर्र! तिथला मास्तर त्याला इचारतोय, "भाईसाब, कहाँ सीखा?" गडी काळा चष्मा वर करतो, "काष्टी में! शेततळे में! कल्यानदादा ने सिखाया!"

अजिनाथ!!

चिठ्ठी द्यायला मानूसच नव्हता हो शिवारात! टोळी कुटून येनार?

मंडळी परत आली. सकाळीच फटफटी दारात. बंद केली न्हाई. नाकाची सालटं निघाल्याली, एक पाय टेकवला, मान तिरकी... "दादा, उद्या टोळी येते. हलू नका."

तुमी म्हनाल, कानाखाली का न्हाई वढली? कशी वढू? चिठ्ठी आजबी त्याच्याच हातात! गप च्या पाजला. च्या पिता पिता आत बघून म्हनतो, "वयनी, फुडच्या वर्षी परत जाऊ. हितं बघायला दादा हायेतच की!"

हाय की. मी कुटं जातोय? उद्या टोळी येनार हाय.